‘डास पळवणारा’ पुदिना: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

तक्रार आधी. कुंडीसोबत मिळालेली प्लास्टिकची ताटली वापरू नका. पुदिन्याला सतत ओल लागते म्हणून ताटलीत पाणी साठू दिलं जातं, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ, उथळ पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटलीची कड घासणीने खरवडून धुवायची. तेवढा उत्साह नसेल तर ताटली काठोकाठ जाड वाळूने भरा, नाहीतर कुंडी सरळ दोन विटांवर ठेवा. डास पळवायला दीडशे रुपयांचं रोप आणायचं आणि त्याच्याच बुडाशी अळ्या पाळायच्या, याला काय म्हणावं! याच कारणाने पावसाळ्यात एकच स्टार दिला होता.

लेबलवर ‘मॉस्किटो रिपेलंट मिंट’ असं भारदस्त नाव असलं तरी हे साधं पेपरमिंट आहे. दांडा चौकोनी आणि जांभळट, पान चावलं की जिभेला गार लागतं; तो गारवा मेंथॉलचा. स्पिअरमिंट पुदिन्यात मुख्य तेल कार्व्होनचं, त्यामुळे वास येतो पण तसा गारवा नाही. आणि पेपरमिंटच्या बियांची पाकिटं घेऊ नका. हा वांझ संकर आहे, बी धरत नाही. पाकिटातून उगवेल तो दुसराच कुठलातरी पुदिना.

आता मुख्य दावा. कुंडी खिडकीत ठेवली म्हणून डास आत यायचे थांबत नाहीत. तेल पानावरच्या बारीक ग्रंथींत बंद असतं, पान चुरडल्याशिवाय ते हवेत फारसं येत नाही. मूठभर पानं चुरडून ओट्याच्या कडेला, मुंग्यांच्या वाटेवर घासली तर रांग विस्कटते. मात्र तेल लवकर उडतं, वास गेला की मुंग्या परत. हे काम रोजचंच. डासांसाठी जाळी आणि मच्छरदाणीच हवी, त्यात तडजोड नाही. चुरडलेली पानं किंवा पुदिन्याचं तेल तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याजवळ नेऊ नका. मेंथॉलने श्वासाचा त्रास होऊ शकतो.

इथपर्यंत वाचून रोप नर्सरीला परत करावंसं वाटेल, पण थांबा. दिवाळीनंतर या रोपाने मत बदलायला लावलं, कारण वाढीला ते हावरट आहे. मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे खोल कुंडी फुकट जाते. बारा इंच रुंद, आठ इंच खोल पुरे. चार भाग माती, तीन भाग गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. सकाळचं चार तास ऊन. सहा-आठ इंच उंची झाली की प्रत्येक दांडा पेराच्या जरा वर कापायचा, तिथून दोन फुटवे निघतात. कळ्या दिसल्या की लगेच खुडा. दुसऱ्या रोपाच्या कुंडीत मात्र लावू नका. धावती खोडं सगळी कुंडी गिळतात.

मार्चनंतर लाल कोळी येतो. कीड पळवणाऱ्या रोपावरच कीड! पानावर सुईने टोचल्यासारखे पिवळे ठिपके, खाली बारीक जाळी. हवा कोरडी आणि गरम झाली की हा वाढतो, म्हणून एक दिवसाआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी आटोक्यात नसेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली द्रव साबण, ऊन उतरल्यावर. आठवड्याने पुन्हा. फवारलेली पानं चटणीला घेऊ नका. फारच माजला तर सगळं रोप मातीपासून इंचभर ठेवून कापा, कापलेलं कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या आणि कुंडी सावलीत हलवा. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते, मूळ शाबूत असेल तर.

वर्षभराने मधला भाग लाकडी आणि उघडा पडतो. गोळा बाहेर काढून चार फाका करा, कडेची कोवळी खोडं ठेवा, मधलं फेका. चार इंची शेंडे खालची पानं काढून पाण्यात ठेवले तरी आठ-दहा दिवसांत मुळं धरतात, फक्त ते पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर परत तीच ताटलीची कथा. एका रोपातून सोसायटीभर वाटता येईल इतकी रोपं होतात, त्यामुळे दीडशे रुपये वसूल. आता साडेतीन स्टार. अर्धा स्टार लेबलवरच्या नावामुळे कापला, एक ताटलीमुळे.