शब्दांची यादी घ्यावी की लर्नर्स डिक्शनरी?

रत्नागिरीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं इंग्रजी नामांसाठी काय घेऊ म्हणून विचारतात, तेव्हा निवड बहुधा दोघांत असते. एक, इंग्रजी-मराठी अर्थांची यादी. दुसरी, इंग्रजीतूनच अर्थ सांगणारी लर्नर्स डिक्शनरी. मी दोन्ही वापरल्या आहेत.

वस्तूंच्या नावांना यादी उत्तम. लॅटराइट म्हणजे जांभा, मँग्रोव्ह म्हणजे कांदळवन, एवढं वाचलं की झालं. कोकणातल्या माणसाला त्यापुढे व्याख्या कशाला हवी? एसटीत उभ्या उभ्या चार शब्द नजरेखालून घालायलाही तीच बरी.

पण वरच्या पातळीची नामं बरीचशी भाववाचक किंवा समूहवाचक असतात आणि तिथे यादीने मला फार छळलं. एव्हिडन्स म्हणजे पुरावा, इक्विपमेंट म्हणजे साधनसामग्री. अर्थ चोख, पण मराठीत एक पुरावा, दोन पुरावे होतात, म्हणून हात आपसूक ‘एव्हिडन्सेस’ लिहून जातो. मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या प्रकल्प अहवालात मी पानोपानी असे ‘एस’ खोडले. तिचे अर्थ तोंडपाठ होते, तरीही! डिक्शनरीत एव्हिडन्सच्या पुढेच बारीक ‘यू’ छापलेला असतो, म्हणजे अनकाउंटेबल, एक-दोन असं मोजता न येणारं आणि म्हणून अनेकवचनाचा ‘एस’ न लागणारं नाम. ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ असा वापरही तिथे सापडतो. एसएससीच्या, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, ‘वाक्यातली चूक ओळखा’ प्रश्नांत हेच विचारतात.

इंग्रजी व्याख्या झेपणार नाहीत, अशी धास्ती बऱ्याच जणांना असते. लाँगमनचा असा कोश १९७८ साली आला तोच सुमारे २००० सोप्या शब्दांत व्याख्या बांधून. ऑक्सफर्डच्या कोशाचं मूळ तर जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबींच्या १९४२ च्या कोशात आहे. ही पुस्तकं मुळात परभाषकांसाठीच केलेली आहेत.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर यादीच धरा, आता नवी सवय लावायला वेळ नाही. हाताशी वर्ष असेल, तर मी तरी डिक्शनरी घ्या म्हणेन. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागची आवृत्ती मिळाली तरी खुशाल घ्या, एव्हिडन्सपुढचा ‘यू’ तिच्यातही आहे.