क्लास ख्यालाचा (म्हणजे शास्त्रीय गायनाचा) लावावा की सुगम-सिनेमातल्या गाण्यांचा?

‘शास्त्रीय तेवढं खरं, बाकी सगळा टाइमपास’ एवढ्याच आधारावर मुलाचा क्लास ठरवणार असाल तर जरा थांबा.

शास्त्रीयाला तोड नाही ती गोष्ट आधी. आवाज घडवायचा तर खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज), पलटे (स्वरांच्या ठरावीक रचना घोटणं) आणि तानपुऱ्याबरोबर लावलेला षड्ज, म्हणजे ‘सा’, याला पर्याय नाही. भूप रागाचे पाच स्वर घेऊन अर्धा तास गायचं म्हटलं की डोकं चालवावंच लागतं. गाण्यांच्या क्लासात मूल लवकर स्टेजवर उभं राहतं; पण पुष्कळ ठिकाणी कराओकेवरच सगळा भर असतो आणि ट्रॅक बंद केला की पोराला सूर सापडत नाही. (ताना घोकून शास्त्रीयाची ‘विशारद’ परीक्षा पास झालेलेही असतात म्हणा!)

पण म्हणून बाकीची गाणी सोपी असतात असं नाही, अगदी विनोदी गाणंसुद्धा. ‘पडोसन’मधलं (1968) ‘एक चतुर नार’ पुन्हा ऐका. मन्ना डे रीतसर तालीम घेतलेले, किशोरकुमार कुणाकडेही न शिकलेले. सिनेमाच्या गोष्टीत या जुगलबंदीत जिंकतो किशोरचा आवाज. तो मध्येच आवाज चिरकवतो, शब्द वेडेवाकडे करतो, पण लय सोडत नाही. हशाची जागा मात्राभर चुकली तरी विनोद मेला. समोर मन्ना डेंच्या सरगमा तशा पक्क्या नसत्या, तर ती जुगलबंदी नुसता गोंगाट झाली असती. आता यात श्रेष्ठ कोण?

शब्दांच्या बाबतीत तर ख्याल मागेच पडतो. बंदिश, म्हणजे ख्यालात गायची रचना, दोन-चार ओळींची, त्यातलेही निम्मे शब्द आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’मध्ये, विरतात. एकनाथांच्या ‘विंचू चावला’ भारुडात शब्द गिळून चालत नाही, कारण लोकांना आधी हसवायचं असतं आणि तो विंचू कामक्रोधाचा आहे हे हसताहसताच पोचवायचं असतं. सुलोचना चव्हाणांची लावणीतली शब्दफेक ऐकली की हे जास्त कळतं.

शास्त्रीयाचं श्रेष्ठत्व वरून लादून पाहिलेलंही आहे. 1952मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. शास्त्रीय कलावंतांना त्यातून मोठा आधार मिळाला, हे खरं. श्रोते मात्र सुया फिरवून रेडिओ सिलोनवर गेले आणि 1957मध्ये आकाशवाणीला चित्रपटगीतांसाठी विविध भारती सुरू करावी लागली.

तेव्हा मूल लहान असेल तर क्लास शास्त्रीयाचा लावा, आणि घरात त्याला नकला, भारुडं, सिनेमातली गाणी खुशाल म्हणू द्या. चाळिशीनंतर गॅदरिंगपुरतं गायचं असेल तर सुगमचा क्लास पुरे. फक्त ट्रॅकशिवाय गाऊन घेतात का, ते आधी विचारा. आणि शास्त्रीयाचे गुरुजी पहिल्याच दिवशी ‘सिनेमातलं काही कानावर पडू देऊ नका’ म्हणाले, तर दुसरे गुरुजी शोधा.