मानमोडीची 'बेल्जियम लस' आणि माझे २०,५०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, ज्यांना हसायचं त्यांनी इथंच हसून घ्यावं. कबुतरांच्या बोगस लसीच्या नावाखाली फसून घालवलेले वीस हजार पाचशे. पहिल्यांदा ४,२००, मग ६,५००, मग ९,८००. शिवाय ३४ पैकी ११ कबुतरं मेली. त्यांची किंमत मी लावत नाही. त्यातली निळी पट्टेवाली मादी माझ्याच ढाबळीत अंड्यातून निघालेली, सातव्या दिवशी मीच तिच्या पायात रिंग घातली होती, आणि गेल्या हंगामात धुळ्याहून सोडल्यावर सगळ्यांत आधी तीच घरी आली होती.

नाशिकला पंचवटीत आमच्या गच्चीवर ढाबळ आहे, वडिलांपासूनची. म्हणजे मी नवखा नाही. कँकर (घशाचा रोग), कॉक्सी (आतड्याचा), जंत, सगळं बघून झालंय. शेजारपाजारची पोरं मला विचारायला येतात. म्हणून जास्त लाज वाटते.

जानेवारीत एका ओळखीच्याकडून होमरची (लांबून घरी परतणाऱ्या कबुतरांची) जोडी आणली. नवीन पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा, हे मीच सगळ्यांना सांगतो. पण गच्चीवर जागा नव्हती, थंडी निफाडसारखी पडली होती, आणि जोडी दिसायला ठणठणीत होती. सोडली आत. दहा-बारा दिवसांत ढाबळीत पाणीच पाणी. शीट अशी नाहीच, नुसतं पाणी आणि मध्ये एक हिरवट वेटोळं. पक्षी भांडंच्या भांडं रिकामं करायला लागले. मग एक नर ज्वारी टिपायला वाकला आणि चोच दाण्याच्या शेजारी आपटली. पुन्हा वाकला, पुन्हा शेजारी. दुसऱ्या दिवशी त्याची मान उलटी.

ज्यांना कळतं त्यांना इथंच कळलं. पॅरामिक्सो. कोंबड्यांत राणीखेत, आपली मानमोडी, तिचाच कबुतरांतला भाऊबंद. विषाणू आहे, त्याला मारणारं औषध नाही. लस आधी टोचायची असते, रोग आल्यावर नाही. हे मला माहीत होतं. पुन्हा लिहितो, माहीत होतं.

पण एका सरकारी दवाखान्यात गेलो तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "कबुतरं? इथं गाई-म्हशी बघतो." दुसरीकडे डॉक्टर रजेवर. घरी आलो तर आणखी तीन पक्षी कलंडलेले. अशा वेळी माणूस मोबाईल उघडतो. कबुतरवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचा नंबर होता. नावामागे 'डॉ.', फोटोत पांढरा कोट आणि हातावर पक्षी. व्हिडिओही होते. एकात मान वाकडी, पुढच्यात तोच पक्षी (असं मला वाटलं) गच्चीवरून भरारी घेतोय. "काका, काळजी करू नका, बेल्जियमची लस आहे, आजारी पक्षीही उठतो. आधी तुमच्या पक्ष्याचा व्हिडिओ पाठवा." पाठवला. दोन बाटल्यांचे ४,२००. पैसे पाठवताना स्क्रीनवर डॉक्टरांचं नाव आलंच नाही, कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजचं आलं. "बायकोच्या भावाचं खातं आहे." बरं.

(खात्याचं नाव वेगळं दिसलं की तिथंच थांबा. बायकोचा भाऊ असो नाहीतर साक्षात देव.)

पण मला टोचतो तो क्षण हा नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सने पार्सल आलं. नाशिकच्याच द्वारका सर्कलला जाऊन मीच घेतलं. साधा खोका, आत वर्तमानपत्राचा बोळा, त्यात बाटल्या. बर्फाचं पाकीट नाही, थर्माकोल नाही. एक बाटली हातात घेतली, कोमट होती. चहाचा कप थंड झाल्यावर असतो तशी.

आता मी काय काम करतो ते सांगतो. पिंपळगावकडे द्राक्षांच्या प्रीकूलिंगवर (निर्यातीआधी माल थंड करतात तिथं) सुपरवायझर आहे. चौदा वर्षं. निर्यातीच्या कंटेनरचा काटा दोन अंशांनी वर गेला तरी मी ड्रायव्हरला उभा-आडवा घेतो. तापमानाचा कागद नसेल तर दार उघडू देत नाही. असा माणूस द्वारकेच्या सर्कलला, टेम्पोच्या धुरात, हातात कोमट लस घेऊन उभा. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि ही मेलेल्या विषाणूची लस गोठवायचीही नसते, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. मी फोन केला. "काका, ही नवी टेक्नॉलॉजी, रूम टेंपरेचरची." आणि मी "अच्छा" म्हणालो. तो "अच्छा" आजही कानात वाजतो. बाटलीवर बॅच नंबर नव्हता, एक्स्पायरी नव्हती, परवाना क्रमांक नव्हता, 'फक्त जनावरांसाठी' असंही नव्हतं. होता तो कबुतराचा फोटो आणि बेल्जियमचा झेंडा. झेंड्याचे उभे पट्टेसुद्धा आडवे छापले होते. ते मला माझ्या नववीतल्या पोरीने नंतर दाखवलं.

सोबत सुई एकच. "एकीतच होतं सगळं." चौतीस पक्ष्यांना मी एकाच सुईने टोचलं. त्यात किती निरोगी पक्ष्यांना मीच रोग दिला असेल, याचा विचार रात्री येतो. पक्षी बदलला की सुई बदला. सुई काही रुपयांची असते हो.

पक्षी उठेनात तेव्हा "रिकव्हरी कोर्स". ६,५००. तीन पुड्या, पिवळी, पांढरी, गुलाबी, नाव कशावरच नाही. पाण्यात घालायला सांगितल्या. पाणी इतकं कडू झालं की पक्षी पिईनात, आणि ज्या रोगात अंगातलं पाणी वाहून जातं त्यात न पिणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. तिसऱ्यांदा "सिरम कस्टममध्ये अडकलंय, डिपॉझिट परत मिळेल". ९,८००. ही थाप शेंबड्या पोरालाही कळते. मलाही कळत होती. पण त्या रात्री ती निळी मादी पाठीवर पडून गोल गोल फिरत होती आणि मी खाली बसून तिला सरळ करत होतो. रात्री ११ वाजून २० मिनिटांनी पैसे पाठवले. सकाळी मादी मेलेली आणि नंबर ब्लॉक.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, त्या पैशात पोरीची क्लासची फी झाली असती." मी काय बोलणार?

मग कार्यालयांची वारी. पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारलं, "कशाची लस?" कबुतरांची म्हटल्यावर शेजारच्याला हाक मारली, "इकडे ये, ऐक." दादरचा कबुतरखाना बंद झाल्यापासून कबुतर म्हटलं की जो तो दम्याचं भाषण सुरू करतो, तेही ऐकलं. शेवटी, "साहेब सिंहस्थाच्या मीटिंगला गेलेत, सोमवारी या." सोमवारी गेलो. "ऑनलाइन तक्रार करा." ऑनलाइन केली, तर "ठाण्याशी संपर्क साधा". बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवले. बाटली तपासून मागायला एका कार्यालयात गेलो, ते म्हणाले जनावरांचं औषध आमचं नाही. जनावरांच्या कार्यालयात गेलो, ते म्हणाले औषध आमचं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चार अर्ज, चार पोच, आणि पोच देतानाही शिक्का शोधायला वीस मिनिटं. एकाने तर बाटली हातात घेऊन हलवली, उजेडात धरली आणि परत दिली. झाली तपासणी.

माझंही चुकलं. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायला मी एकोणीस दिवस घेतले, लाजेपोटी. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं, म्हणून पहिल्या तासाला किंमत असते. लाज नंतर वाटून घ्या, आधी १९३० लावा. चॅट पुसू नका, व्यवहाराचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

उरलेले पक्षी वाचले ते एका खाजगी डॉक्टरांमुळे. फी ३००. आजारी वेगळे काढायला लावले, उथळ ताटली काढून खोल वाडगा भरून दाणे ठेवायला सांगितले, म्हणजे चोच चुकली तरी दाणा सापडतो. पाण्यात क्षार. ज्यांना टिपताच येईना त्यांना भिजवलेला वाटाणा हाताने चोचीत. अँटिबायोटिक उगाच नाही, विषाणूवर ते चालत नाही. कित्येक पक्षी काही आठवड्यांत आपोआप सावरतात, असं ते म्हणाले. आणि तसंच झालं. एका नराची मान अजून घाबरला की कलते, बाकी खातो-पितो. बरा दिसला म्हणून लगेच टॉसला (लांब नेऊन सोडायला) न्यायचं नाही, तो रोग पसरवत असतो. माझेही डोळे दोन दिवस लाल होते, तर डॉक्टर म्हणाले ढाबळ झाडताना तोंडाला बांधा, हात धुवा.

आणि पोरांनो, कँकरसाठी माणसांची मेट्रोनिडाझोल अंदाजाने मोडून देता ना? पक्षी जेमतेम अर्ध्या किलोचा असतो. आधी वजन करा, डोस डॉक्टरांना विचारा. पिसं झडताना फेनबेंडाझोल (जंताचं औषध) तर नकोच, नवी पिसं वाकडी येतात.

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. परवा मालेगावच्या एका भावाने त्याला आलेला व्हिडिओ मला दाखवला, नवा नंबर, नवा कोट, तीच लस. पहिल्या भागात मान उलटी झालेली निळी पट्टेवाली मादी. मागे काळी टाकी, तिच्यावर पोरीने खडूने काढलेलं फूल. टाकी माझी, फूल माझ्या पोरीचं. दुसऱ्या भागात 'तीच मादी बरी होऊन' उडते. माझ्या मादीची रिंग हिरवी होती, डाव्या पायात. उडणाऱ्या पक्ष्याच्या उजव्या पायात लाल आहे.