बडोद्याच्या निजामपुऱ्यातला भाड्याचे फ्लॅट दाखवणारा एजंट, 2 स्टार

फोन लगेच उचलतो, अ‍ॅक्टिव्हावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन वेळेवर हजर, पाणी कधी येतं, लिफ्ट चालते का, सगळं खरं सांगतो, इथवर झकास. पण बजेटच्या आधी आडनाव विचारतो, मग "व्हेज ना?" आमचं आडनाव ऐकून एका संध्याकाळी तीन-चार फ्लॅट दाखवले आणि माझ्याच ऑफिसातल्या कलीगला, पगार तेवढाच, "आत्ता काही खाली नाही हो". वा रे वा!

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरातांनी आयुष्यभर हेच तर मोजलं. 2007 चा पॉल अ‍ॅटवेलबरोबरचा अभ्यास बघा, नोकरीच्या अर्जांत शिक्षण सारखं, फक्त आडनावं वेगळी, आणि खाजगी कंपन्यांकडून दलित नि मुस्लिम नावांना बोलावणं कमी. नंतर दिल्लीकडे भाड्याच्या घरांचंही तसंच तपासलं. आणि बडोद्यात तरी नवीन काय, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या आंबेडकरांना 1917 मध्ये इथेच पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं, तिथूनही हाकललंच.

ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं मागतो, घासाघीस केली की अर्ध्यावर येतो. कलीगला शेवटी ओळखीतून फतेगंजला घर मिळालं, ब्रोकरेज शून्य.