रेघ काचेवर, बिल बेल्टचे

रंगीत कॉपियरच्या प्रतींवर उमटणाऱ्या एका बारीक रेघेच्या निमित्ताने आमच्या कार्यालयाकडून ३१,५०० रुपये घेतले गेले, आणि ज्या भागांसाठी ते घेतले त्यांपैकी एकाही भागात त्या रेघेचे कारण नव्हते. पुण्यात वास्तुविशारद, वकील, सनदी लेखापाल, क्लासचालक अशा अनेकांकडे आता अशी मशीन आहेत आणि त्यांची हमीची मुदत संपली की ती बहुधा ओळखीतून आलेल्या मेकॅनिकच्या हाती जातात, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

सदाशिव पेठेतील एका वास्तुविशारदाच्या कार्यालयाची व्यवस्था मी पाहते. आमच्याकडे रंगीत प्रत ही हौस नसते. महापालिकेकडे जाणाऱ्या बांधकाम नकाशात प्रस्तावित काम लाल रंगात आणि पाडायचे काम पिवळ्या रेघांनी दाखवावे लागते, त्यामुळे रंग बदलला की नकाशाचा अर्थच बदलतो. गेल्या पावसाळ्यात जुन्या फायलींच्या प्रती काढताना प्रत्येक कागदावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ येऊ लागली. आमचा वार्षिक देखभालीचा करार नुकताच संपला होता, तेव्हा शेजारच्या कार्यालयात येणाऱ्या मेकॅनिकला बोलावले. आपण पूर्वी कंपनीतच होतो, असे त्याने आल्याआल्या सांगितले.

त्याने एक प्रत हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि मशीनचे पुढचे झाकण उघडले. "मॅडम, बेल्ट गेलाय. मॅजेंटाचा ड्रमपण संपत आलाय. पुण्याच्या पावसाळ्यात असंच होतं, दमट हवा लागते ना." बेल्ट म्हणजे रंगीत चित्र कागदापर्यंत नेणारा पट्टा, ड्रम म्हणजे ज्यावर एकेका रंगाचे चित्र तयार होते तो रोलर, आणि मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी रंग. बेल्ट बाहेर काढून त्याने त्याच्या डाव्या कडेजवळचा ओरखडा दाखवला. कधीतरी कागदाबरोबर आत गेलेल्या स्टेपलच्या पिनेचा तो ओरखडा होता. खर्चाला सरांची मंजुरी हवी, म्हणून आमच्या सहकाऱ्याने त्याचा मोबाइलवर फोटो काढून त्यांना पाठवला. बेल्ट 'एक्स्चेंज'साठी नेतो, असे सांगून मेकॅनिक तो घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातला बेल्ट, एक ड्रम आणि कंपनीच्या खोक्यातला मॅजेंटा टोनर घेऊन आला. रेघ गेली. रोख दिल्यास १८ टक्के जीएसटी वाचेल, हा त्याचा प्रस्ताव सरांनी नाकारला आणि बिल घेतले. मात्र त्या बिलावर 'कलर मशीन स्पेअर्स' एवढेच लिहिलेले होते. भागाचा क्रमांक नव्हता, नग नव्हते, हमीचा उल्लेख नव्हता.

थोड्याच दिवसांत आमच्या ड्राफ्ट्समनने नकाशातील लाल भाग नारिंगी दिसत असल्याचे दाखवले, आणि जिथे काहीच छापायचे नव्हते त्या कोऱ्या जागेवर फिकट गुलाबी धूळ बसल्यासारखी दिसत होती. कॉपियरमध्ये लाल रंगाचा वेगळा डबा नसतो. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार टोनरपैकी मॅजेंटा व पिवळा एकमेकांवर बसून लाल तयार होतो, त्यामुळे मॅजेंटा कमी पडला की लाल पिवळ्याकडे झुकतो. आमच्या कामात प्रस्तावित बांधकाम आणि पाडकाम यांच्या रंगांतले अंतर असे कमी होणे परवडणारे नव्हते. मेकॅनिकला पुन्हा बोलावले, तर त्याने डेव्हलपर (टोनरला विद्युतभार देणारे मिश्रण) आणि फ्यूजर (टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग) दोन्ही बदलावे लागतील, असे सांगून १८,००० रुपयांचा आकडा पुढे केला. त्याच सुमारास ती उभी रेघही परत आली. तेव्हा सरांनी त्याला थांबवले आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून माणूस मागवला.

या गृहस्थांनी अर्धा तास स्क्रू-ड्रायव्हरला हातही लावला नाही. त्यांनी आधी संगणकावरून एक रंगीत पान छापले. त्यावर रेघ नव्हती. मग तोच नकाशा झाकण उघडून सपाट काचेवर ठेवून त्याची प्रत काढली. त्यावरही रेघ नव्हती. शेवटी तो वरच्या फीडरमधून, म्हणजे एडीएफमधून, सोडला आणि रेघ उमटली. इथेच सगळा उलगडा झाला, कारण संगणकावरून छापताना बेल्ट, ड्रम, टोनर, फ्यूजर हे सर्व भाग वापरले जातात, आणि त्यांपैकी कशातही दोष असता तर ती रेघ छापील पानावरही दिसली असती. फीडरमधून जाणारा कागद मात्र काचेच्या एका अरुंद पट्टीवरून सरकतो आणि स्कॅनर जागेवर थांबून तो वाचतो. त्या पट्टीवर एवढासा कण चिकटला तरी सरकणाऱ्या कागदाच्या पूर्ण लांबीभर त्याची रेघ होते. पट्टीच्या मध्यापासून थोडे डावीकडे, मोहरीच्याही निम्म्या आकाराचा व्हाइटनरचा वाळलेला ठिपका होता. जुन्या फायलींतील खाडाखोडीवर लावलेला व्हाइटनर तिथे उतरला होता. ओलसर मऊ कापडाने तो पुसला आणि रेघ नाहीशी झाली. पहिल्या मेकॅनिकनेही बेल्ट बदलण्याच्या निमित्ताने हेच केले असणार. तो अडाणी नव्हता, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. रेघ कशाने जाते हे त्याला नेमके ठाऊक होते.

मग बेल्ट काढला. डाव्या कडेजवळ तोच ओरखडा, तशीच वळलेली शेपटी. सहकाऱ्याच्या मोबाइलमधला फोटो शेजारी धरला, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. आमचाच बेल्ट पुसून, वेष्टनात घालून आम्हाला विकला होता. ओरखडा चित्र उमटण्याच्या भागाबाहेर असल्याने त्याचा छपाईवर कधीच परिणाम झालेला नव्हता. मशीनमध्ये भागांच्या उरलेल्या आयुष्याचा तक्ता छापता येतो आणि त्यात बेल्ट नवा दिसत होता, पण सेवा केंद्रातील गृहस्थांनी सांगितले की सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या मेनूत, जाऊन तो आकडा हाताने मूळपदावर आणता येतो, तेव्हा नुसत्या त्या तक्त्यावर विसंबू नये. ड्रम मात्र खरोखर नवा होता. त्याची गरज नव्हती इतकेच, कारण करार चालू असताना काढलेल्या तक्त्यानुसार जुन्या ड्रमचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक होते, आणि ते पान आमच्या फाईलमध्ये लावलेले होते.

टोनरचा प्रकार अधिक वाईट निघाला. खोके कंपनीचे, आतला डबा पुन्हा भरलेला आणि त्यावरची चिप बदललेली. टोनर म्हणजे शाई नसून रंगद्रव्य मिसळलेल्या प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड असते, आणि ती विद्युतभाराच्या जोरावर ड्रमवर जिथे हवी तिथेच बसते. आमच्यासारख्या मशीनमध्ये ही पूड डेव्हलपरमधील लोहकणांशी घासून तो भार घेते. भलत्याच प्रकारची पूड तो भार नीट घेत नाही, म्हणून रंग फिका पडतो आणि पूड कोऱ्या जागेवरही उडते. एकदा ती डेव्हलपरमध्ये मिसळली की टोनर बदलूनही भागत नाही. डेव्हलपर बदलावा लागेल, हे त्याचे दुसऱ्या वेळचे म्हणणे त्यामुळे खरे होते, पण ती वेळ त्यानेच आणली होती. स्वस्तातला कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाचा, टोनर वापरणे हा ज्याचा त्याचा हिशेब आहे आणि त्यात गैर काही नाही, परंतु तो कंपनीच्या खोक्यात घालून कंपनीच्या दराने विकणे ही सरळ फसवणूक आहे. अनेक कंपन्यांच्या खोक्यावर पडताळणीची मोहर किंवा क्रमांक असतो. आमच्या खोक्यावरची मोहर कात्रीने कापून पुन्हा चिकटवलेली होती, आणि हे नीट पाहिल्यावर साध्या डोळ्यांनाही दिसत होते.

दमट हवेबद्दल त्याने सांगितलेली सबब लोकांना चटकन पटते, कारण ती अर्धी खरी आहे. उघड्या रिमचा कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि मग रंग ठिकठिकाणी विरळ बसतो, डागाळल्यासारखा दिसतो. ओलीमुळे सरळ, धारदार, प्रत्येक पानावर त्याच जागी येणारी रेघ मात्र उमटत नाही. तसेच एखादा ठिपका पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर मोजपट्टीने ते अंतर मोजावे, कारण ते कोणत्या तरी फिरत्या रोलरच्या परिघाइतके असते. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल तर ठिपका सुमारे ९४ मिलिमीटरवर परत येतो, म्हणजे ए-फोर पानाच्या लांबीत साधारण तीनदा. असे अंतर न मोजताच "ड्रम गेला" म्हणणाऱ्याला, कोणत्या खुणेवरून हे ठरवले, असे जरूर विचारावे. रंग नुसतेच फिके किंवा सरकलेले असतील, तर मशीनच्या मेनूतील रंगजुळवणी आधी चालवून पाहावी. तिला एक पैसा लागत नाही.

आमच्याकडे आता काढलेला प्रत्येक जुना भाग कार्यालयातच ठेवला जातो आणि 'एक्स्चेंज'च्या नावाखाली काहीही बाहेर जात नाही. भाग काढण्यापूर्वी व बसवल्यानंतर त्याच्या अनुक्रमांकाचा फोटो घेतला जातो, तोच क्रमांक बिलावर लिहून घेतला जातो, आणि दुरुस्तीपूर्वीची तीन पाने (संगणकावरून, सपाट काचेवरून, फीडरमधून) तारीख घालून फाईलला लावली जातात.

ओरखड्याचा फोटो आणि सेवा केंद्राचा लेखी अहवाल जोडून आम्ही त्या मेकॅनिकला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. त्यानंतर त्याने बेल्टचे पैसे परत केले, टोनरचे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळतो, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू वगळत नाही. त्यामुळे एकट्याने झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्याला ग्राहक आयोगाचा रस्ता आमच्यापेक्षा सोपा आहे. तक्रारीची मुदत २ वर्षे आहे आणि प्राथमिक विचारणा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. आम्ही बनावट खोक्याबद्दल पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला असून खोके, डबा आणि कापलेली मोहर पुरावा म्हणून वेगळी बांधून ठेवली आहे.