ट्रिस्केल ११ : जुन्या लॅपटॉपसाठी बेस्ट, फक्त वायफायचं पाहून घ्या

आर्वीकडं आमच्या गावात जुन्या लॅपटॉपवर ट्रिस्केल ११ टाकलं, ही विंडोजसारखीच पण लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. उबुंटू २२.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमवर बनलेलं आहे पण यात बंद कोडचं काहीच नाही, सगळं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू अन् बदलू शकते. ४ जीबी रॅमवर माटे डेस्कटॉप (खिडक्या, मेनूचा स्क्रीन) मस्त चालते, मराठी टायपिंगही झकास. वायफाय मात्र दिसलंच नाही, कारण बऱ्याच वायफाय कार्डांना बंद फर्मवेअर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लागते अन् ट्रिस्केलचा लिनक्स-लिब्रे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ते घेतच नाही, म्हणून पहिले मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टिथरिंग (मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, मग एआर९२७१ चिपवालं यूएसबी वायफाय डोंगल मागवा, त्याचं फर्मवेअर मुक्त आहे, लावलं की नेट सुरू. आपली मशीन आपल्याच ताब्यात राहाते भाऊ, मले तर हे लय आवडलं. डोंगल घेताना चिपचा नंबर विचारूनच घ्या, एकसारख्या डब्यात वेगळीच चिप निघू शकते.