वादी शाब की वादी बनी खालिद? मस्कतला निघालेल्या सांगलीकरांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत ओमानमध्ये मस्कतला भावाकडे-बहिणीकडे जाणारे हमखास विचारतात: भाड्याची गाडी घेऊन एकच दिवस बाहेर पडता येणार असेल, तर शाबला जावं की बनी खालिदला? वादी म्हणजे डोंगरातली घळ. दोन्हीकडे ओसाड डोंगराच्या घळीत हिरवंनिळं पाणी, दोन्हीकडे पोहायची सोय, आणि साधी मोटार दोन्हीकडे पोचते. फोटो बघून ठरवायला गेलात तर ठरणारच नाही. गाडीत कोण कोण बसणार आहे, ते आधी मोजा.

शाबला पाण्यापर्यंत पायपीट आहे. मस्कतहून सूर शहराकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर. हमरस्त्याच्या पुलाखाली गाडी लावायची, रियालभर देऊन छोट्या होडीने पलीकडे जायचं आणि मग पाऊण तास चालायचं. सुरुवातीला खजूर, केळी आणि शेजारून वाहणारा फलज, म्हणजे तिथला पाट. पुढे नुसता दगड. आपला सह्याद्रीचा काळा कातळ कोरडा असला की पाय धरून ठेवतो. इथला चुनखडक पाण्याने आणि माणसांच्या वर्दळीने घासून गुळगुळीत झालाय. अजिंक्यतारा चपलेवर चढता म्हणून इथेही चप्पल चालेल, या भ्रमात राहू नका. भिजले तरी चालतील असे पकड असलेले बूट हवेत.

चाल संपली की पोहणं सुरू. एकामागून एक डोह, मध्ये कुठे पाय टेकतात, शेवटी टेकत नाहीत. अगदी टोकाला कपारीत एक फट आहे, जेमतेम डोकं जाईल एवढी. तिच्यातून पोहत आत गेलं की गुहा आणि गुहेत धबधबा! चुनखडक पाण्यात विरघळतो म्हणून अशा गुहा तयार होतात. उंच कड्यावरून पाण्यात उड्या मारायच्या जागतिक मालिकेची एक फेरी २०१२ साली याच घळीत झाली होती.

सरकारी घाटावर कृष्णेत हात मारलेल्याला हे पाणी सोपं वाटेल. ओढ नाही, आणि भिलवडी-औदुंबरकडच्या मगरींची धास्तीही नाही. बोटाएवढे मासे पायाला लुचतात, तेवढंच. दम लागतो तो परतताना, कारण पोहून झाल्यावरही तेवढंच चालायचं असतं. होडीनंतर दुकान नाही, म्हणून पाणी आणि भडंगाची पुडी सोबत ठेवा. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

बनी खालिद आतल्या बाजूला, मस्कतहून दोनशे किलोमीटरच्या वर. पण गाडीतून उतरलं की थोडंसंच चालून डोह, तेही बऱ्यापैकी बांधलेल्या वाटेने. उपाहारगृह आहे, सावली आहे, आजीला काठावर पाय सोडून बसता येतं. वरच्या अंगाला घळ अरुंद होत जाते. मुकल गुहेत शिरायचं तर बॅटरी हवी आणि रांगायची तयारी. शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी, तेव्हा जत्रा भरते. शर्किया वाळूच्या टेकड्या जवळच आहेत, त्यामुळे संध्याकाळ वाळूत घालवता येते. शाबच्या वाटेवर त्या बदल्यात बिम्माचं विवर लागतं. तेही छान आहे, पण तासाभरात बघून होतं.

माझं मत विचाराल तर सगळे पोहणारे असतील तर डोळे झाकून शाब. एकालाही पोहता येत नसेल किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील, तर बनी खालिद. आई-काकूंना होडीपाशी बसवून आपण चार तास आत जायचं, हे काही बरं दिसत नाही. कपड्यांचं म्हणाल, तर दोन्ही घळी गावांना लागून आहेत. गुडघ्याखालपर्यंतची चड्डी आणि टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरावं.

या घळी ज्यात आहेत त्या हजर पर्वतात पावसाचा इशारा असेल तर मात्र दोन्ही बेत रद्द. उघडा खडक पाणी धरत नाही. डोक्यावर ऊन असताना वरून लोंढा येतो. पुलावरून पाणी जात असताना गाडी घालायची आपली सवय तिथे चालत नाही. वाहत्या वादीत गाडी घालणं ओमानमध्ये गुन्हा आहे.

दोन दिवस मिळाले तर प्रश्नच मिटला: पहिल्या दिवशी शाब, मुक्काम सूरला, दुसऱ्या दिवशी बनी खालिद आणि इब्रामार्गे परत. फक्त शाबला सकाळी आठच्या आत पोचा, म्हणजे जाताना तरी घळीत सावली मिळेल.